पोर कुणाचं?

खेड्यात अनोळखी पोरगं दिसलं की म्हातारी माणसं पहिला सवाल टाकतात, "कुणाचा रं तू?" ह्या सवालात माया असेल, पण नुसती माया नाय. त्यांना बापाचं नाव पाहिजे असतं. बापाच्या नावावरून आळी कळते आणि आळीवरून जात. म्हणजे पोराची विचारपूस होते ती पोर बाजूला ठेवूनच.

आई-बाप आणि लेकरू हे जगातलं सगळ्यात साधं नातं. पण आपल्या देशातल्या धर्मग्रंथांनी ह्या नात्यावर इतकं लिहून ठेवलंय की त्याच्याखाली लेकरू दबून गेलं. पोरावर मालकी कुणाची, मिळकत कुणाला आणि पोराची जात कोणती, ह्या तीन सवालांभोवतीच बहुतेक लिखाण फिरतं. पुढं इंग्रजांच्या कोर्टात हेच लिखाण कायदा म्हणून वाचलं गेलं. म्हणून दोस्तहो, हा इतिहास आपण आपल्या बाजूनं एकदा नीट बघायला पाहिजे. भाषणात मनूला शिव्या घालून टाळ्या मिळतात, पण मनूनं नेमकं काय केलं ते माहीत नसलं तर तो आपल्याच घरात शिरतो नि आपल्याला कळत नाही.

ऐतरेय ब्राह्मणातली शुनःशेपाची गोष्ट घ्या. हरिश्चंद्र राजाला पोर होईना. त्यानं वरुणाला नवस केला, पोरगा दे, तोच तुला बळी देतो. पोरगा झाला, रोहित. राजा आज देतो उद्या देतो करत राहिला आणि पोरगा मोठा झाल्यावर रानात पळाला. मग बदली बळी शोधायची पाळी आली. अजीगर्त नावाचा भुकेकंगाल ब्राह्मण होता, त्याला तीन पोरं. थोरल्याला बाप सोडेना, धाकट्याला आई सोडेना. मधला शुनःशेप शंभर गायींना विकला. यज्ञात पोराला खांबाला बांधायला कुणी पुढं येईना. बाप म्हणाला, आणखी शंभर गायी द्या, मी बांधतो. मग सुरी चालवायला कुणी येईना. बाप म्हणाला, अजून शंभर द्या, मी कापतो.

पोरगं देवांची स्तुती करून सुटलं, असं गोष्ट सांगते. सुटल्यावर बाप त्याला परत बोलवायला आला. तेव्हा पोरानं सुनावलं की तुझ्या हातात सुरी बघितली, असलं काम शूद्रांतसुद्धा बघायला मिळत नाही. वाचताना ह्या वाक्याशी थांबा. पोटचं पोर विकणारा, बांधणारा आणि कापायला उठणारा बाप ब्राह्मण आहे, पण नीचपणा मोजायचं माप मात्र शूद्र! गुन्हा एकाचा आणि शिवी दुसऱ्याला. आणि मनुस्मृती काय म्हणते? दहाव्या अध्यायात आहे, अजीगर्त भुकेपायी पोराला मारायला निघाला म्हणून त्याला पाप लागलं नाही. भुकेनं केलेल्या गुन्ह्याला माफी असते हे मनूला ठाऊक होतं तर. फक्त ही माफी कुणाकुणाच्या भुकेला लागू ते त्यानं जात बघून ठरवलं.

गोष्ट इथं संपत नाही. विश्वामित्रानं शुनःशेपाला आपला मुलगा करून घेतलं आणि सगळ्यांत थोरल्याचा मान दिला. त्याच्या एकशे एक पोरांपैकी थोरल्या पन्नासांनी हे मानलं नाही. बापानं शाप दिला, तुमची प्रजा कडेला जाईल. मग सांगितलंय की आंध्र, पुंड्र, शबर, पुलिंद, मूतिब हे लोक त्यांचेच वंशज. म्हणजे ज्यांना गावाबाहेर, रानाकडं, हद्दीवर ढकललं होतं, ते तिथं का, तर त्यांच्या बापजाद्यांनी बापाचा शब्द मोडला! लोकांना हुसकावलं कुणी, जमिनी घेतल्या कुणी, हा सवालच उरत नाही. इतिहास पुसायला बाप-लेकाच्या भांडणाची गोष्ट किती कामाला येते बघा.

दुसरी गोष्ट आपल्या जास्त जवळची आहे. जमदग्नीला बायकोच्या मनातला एक विचार आवडला नाही. त्यानं पोरांना हुकूम दिला, आईला मारा. थोरल्यांनी नकार दिला, त्यांना शाप मिळाला. परशुरामानं कुऱ्हाड उचलली आणि आईचं मुंडकं उडवलं. ह्या पोराला अवतार केलं. त्यानं नंतर वर मागून आईला जिवंत केलं, असं सांगून सगळे सुटतात. पण धडा काय मिळाला? बापाचा हुकूम आईच्या जिवापेक्षा मोठा.

ती आई म्हणजे रेणुका. तीच आपल्या लोकांत यल्लम्मा. सौंदत्तीच्या डोंगरावर पौर्णिमेला परड्या घेऊन जाणारी माणसं कोणत्या वस्तीतली असतात ते सांगायची गरज नाही. ज्या आईला तिच्या पोरानं बापाच्या शब्दाखातर तोडलं, त्याच आईच्या नावानं आपल्या पोरी सोडल्या गेल्या. पोरीच्या गळ्यात दर्शन बांधलं की तिचं लग्न देवाशी लागलं. मग गावातला पैसेवाला तिला ठेवणार आणि तिच्या पोटच्या पोराला बाप नसणार. देवाचं नाव नवऱ्याच्या जागी चालतं, पण दाखल्यावर देवाचं नाव बाप म्हणून चालत नाही. मुंबई इलाख्यात १९३४ साली देवदासी संरक्षणाचा कायदा झाला, कर्नाटकात १९८२ साली झाला, महाराष्ट्रात २००५ साली नवा झाला. इतक्या वेळा कायदा करावा लागला ह्यातच सगळं आलं.

आता मनूकडं येऊ. मनूनं आईला मान दिलाय, हे खरं आहे, ते लपवायचं कारण नाही. दुसऱ्या अध्यायात तो आईला हजार बापांच्या वर ठेवतो. पण मान वेगळा आणि हक्क वेगळा. नवव्या अध्यायात तीच बाई लहानपणी बापाच्या, तरुणपणी नवऱ्याच्या आणि म्हातारपणी पोराच्या ताब्यात आहे. हजार बापांहून मोठी आई स्वतःच्याच लेकाच्या हाताखाली! आठव्या अध्यायात तो सांगतो की बायको, मुलगा आणि दास ह्या तिघांना धन नसतं, ते जे कमावतील ते त्यांच्या मालकाचं. त्याच अध्यायात बायको, मुलगा, दास, शिष्य, धाकटा भाऊ चुकला तर दोरीनं नाहीतर बांबूच्या कांबीनं मारायची सोय आहे, फक्त पाठीवर मारा म्हणतो. पोर आणि दास एका ओळीत बसवलेत. फरक एवढाच की पोरगा एक दिवस मालक होणार आणि दासाचा पोरगा दासच राहणार.

मग पोरांचे प्रकार. मनूनं बारा तऱ्हांचे पुत्र मोजलेत. स्वतःच्या बायकोला स्वतःपासून झालेला, नियोगानं झालेला, दत्तक दिलेला, करून घेतलेला, चोरून झालेला, टाकून दिलेला, लग्नाआधी झालेला, विकत घेतलेला, असे. सहा जणांना वारसा, सहा जणांना नुसतं नातं. ह्या यादीत सगळ्यात खाली शूद्र बाईच्या पोटचा आहे. ब्राह्मणानं कामवासनेनं शूद्र बाईला झालेलं पोर जिवंत असून मढं आहे, असं मनू सांगतो. मजा कुणी केली आणि मढं कोण झालं! ब्राह्मणाला चारी वर्णांच्या बायका असतील तर वाटणी चार, तीन, दोन, एक. शूद्र बायकोच्या पोराला दहावा हिस्सा, आणि लगेच पुढं म्हणतो, तोही हक्क नव्हे, बाप देईल तेवढं त्याचं.

पण मनूचा सगळ्यात मोठा डाव दहाव्या अध्यायात आहे. बाप शूद्र आणि आई ब्राह्मण असली तर पोर चांडाळ. चांडाळानं गावाबाहेर राहायचं, मेलेल्यांचे कपडे घालायचे, फुटक्या भांड्यात खायचं. म्हणजे अस्पृश्यतेचं मूळ मनूनं आईबापाच्या नात्यात शोधलं. दोन माणसं एकमेकांवर जीव टाकतात आणि त्याची शिक्षा त्यांच्या पोराला, नातवाला, पणतवाला, संपणार कधी तर कधीच नाही. एका जोडप्यापासून हजारो वस्त्या झाल्या असं मानायला अक्कल गहाण टाकावी लागते. बाबासाहेबांनी ह्या संकराच्या हिशोबावर एक अख्खं कोडं लिहिलं आणि त्याला मनूचं वेड असंच म्हटलं. त्याच्या पुढच्याच, एकोणिसाव्या कोड्यात त्यांनी विचारलं की पूर्वी पोराचा वर्ण बापावरून ठरत होता, तो आईवरून का ठरवू लागले? ह्यातून ब्राह्मणांना काय मिळवायचं होतं? महाराष्ट्र सरकारनं १९८७ साली हे लिखाण छापलं, तेव्हा सगळा गोंधळ राम-कृष्णावर झाला. बापाच्या जबाबदारीचा हा सवाल बाजूला पडला. खरं तर आपल्या आयाबायांच्या आयुष्याशी भिडणारा सवाल तोच होता. पोर आईच्या जातीत टाकलं की वरच्या बापाचे हात मोकळे.

हे सगळं पोथीत राहिलं असतं तर एक वेळ चाललं असतं. पण १७७२ साली वॉरन हेस्टिंग्जनं ठरवलं की हिंदूंचे लग्न, वारसा असले खटले शास्त्राप्रमाणं चालवायचे. १८१० साली कोलब्रूकनं मिताक्षरा आणि दायभागाचं इंग्रजी केलं. मिताक्षरा ही कल्याणीच्या चालुक्यांच्या काळातल्या विज्ञानेश्वराची टीका. ती आता मुंबईच्या कोर्टात कायदा झाली. मिताक्षरेप्रमाणं मुलाला जन्मानंच वडिलोपार्जित मिळकतीत हिस्सा. मुलीला नाही. आणि दासीपुत्राचं काय? शूद्राच्या दासीपुत्राला हिस्सा मिळू शकतो, पण वरच्या तीन वर्णांच्या दासीपुत्राला बापाच्या मनात असलं तरी हिस्सा नाही. नम्रपणे वागला तर पोटाला अन्न. मग कोर्टात वाद कशावर? अमुक घराणं क्षत्रिय की शूद्र. पोराची भूक बाजूला आणि बापाचा वर्ण साक्षीदारांच्या पिंजऱ्यात.

गावानं अशा पोराला आपला शब्द दिला, अक्करमाशी. बारा माशांचा तोळा, त्यात एक मासा कमी. शरणकुमार लिंबाळे यांनी १९८४ साली तोच शब्द आपल्या आत्मकथनावर नाव म्हणून लावला आणि गावाची शिवी गावाच्याच तोंडावर धरली. कमी काय होतं? पोरात काहीच कमी नव्हतं. बापाची लाज कमी होती.

शास्त्रात आणखी एक गोष्ट होती, बापाचं कर्ज फेडणं हे मुलाचं धर्मकर्तव्य. कोर्टानं ते वडिलोपार्जित मिळकतीपुरतं ठेवलं. पण ज्याच्याकडं मिळकतच नाही त्याचं काय? गावानं त्याचं अंग धरलं. बाप मालकाकडं सालदार, उचल फिटली नाही म्हणून पोरगा सालदार. आपल्या बापजाद्यांनी वारसा म्हणून काय दिलं? येसकराची काठी दिली, मेलेलं ढोर ओढायची पाळी दिली, दारोदारची शिळी भाकर दिली. त्याला नाव मोठं, वतन! १८७४ च्या वतन कायद्यानं त्यावर सरकारी शिक्का मारला होता. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कौन्सिलात त्या कायद्याच्या दुरुस्तीचं बिल मांडलं. प्रत्यक्षात वतनं गेली १९५८ च्या कायद्यानं, बाबासाहेब गेल्यावर. वेठबिगारी बंदीचा कायदा १९७६ साली झाला. त्याची व्याख्या वाचून बघा. पूर्वजांचं कर्ज, वारशानं आलेलं बंधन आणि अमुक जातीत जन्म, ह्या तिन्हीपायी करावी लागणारी सक्तीची मजुरी त्यात धरली आहे. शास्त्रातल्या पुत्रधर्माची गावातली खरी शकल त्या कायद्याच्या कलमात लिहिलेली आहे.

आता दुसरी परंपरा बघू. सिद्धार्थ बुद्ध होऊन कपिलवस्तूला आला तेव्हा राहुलच्या आईनं पोराला सांगितलं, तो तुझा बाप, जा, वारसा माग. पोरगं मागं लागलं. बुद्धाकडं द्यायला राज्य नव्हतं. त्यानं सारिपुत्ताला सांगून पोराला संघात घेतलं. आजोबा शुद्धोदन कळवळला. त्यानं येऊन सांगितलं, पोराची माया कातडी, मांस, हाड कापत आत जाते, इथून पुढं आईबापाला विचारल्याशिवाय कुणाचं पोर घेऊ नका. बुद्धानं ऐकलं आणि तसा नियम केला. हे फार मोठं आहे. एका दुखावलेल्या म्हाताऱ्याचं म्हणणं ऐकून नियम बदलतो तो धम्म. इथं शाप नाही, कुऱ्हाड नाही.

सिगालोवाद सुत्तात आईबाप आणि मुलं दोघांचीही कामं सांगितलीत, पाच-पाच. मुलांनी आईबापाला सांभाळावं, त्यांची कामं करावीत. आईबापांनी पोराला वाईटापासून अडवावं, चांगल्याला लावावं, धंदा-हुन्नर शिकवावा, जोडीदार बघून द्यावा, वेळेवर वारसा हातात द्यावा. त्यातलं जोडीदार बघून द्यायचं काम आज जसंच्या तसं घ्यायचं नाही, पोरांनी स्वतः बघावं. पण मुद्दा असा की देणं दोन्ही बाजूंनी आहे. बाप नुसता घेणारा नाही, त्यालाही द्यायचंय, आणि तेही मेल्यावर नाही तर वेळेवर.

आपल्या मुलखात हा विचार कुणी करून दाखवला असेल तर ज्योतिराव आणि सावित्रीबाईंनी. १८६३ साली पुण्यात त्यांनी बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. फसवलेल्या ब्राह्मण विधवा तिथं येऊन बाळंत होत. १८७४ साली काशीबाई नावाच्या विधवेचं पोर त्यांनी आपलं केलं, यशवंत. मनूच्या यादीत हे पोर कुठं बसलं असतं ते तुम्हीच शोधा. फुल्यांच्या घरात ते मुलगा म्हणून बसलं आणि डॉक्टर झालं. शास्त्र विचारत होतं पोर कुणाचं, आणि ज्योतिराव-सावित्रीबाईंनी उत्तर दिलं, जो वाढवील त्याचं.

बाबासाहेबांनी २५ डिसेंबर १९२७ ला महाडात मनुस्मृती जाळली. वीस वर्षांनी ते त्याच पुस्तकाची जागा घेणारा कायदा लिहीत होते. हिंदू कोड बिलात त्यांनी मुलाचा जन्मसिद्ध हक्क काढला होता आणि मुलीला मुलाबरोबर हिस्सा दिला होता. म्हणून बिल रखडवलं गेलं. सप्टेंबर १९५१ मध्ये त्यांनी मंत्रिपद सोडलं. पुढं त्याचे तुकडे करून चार कायदे झाले. वारसा कायदा १७ जून १९५६ चा. दीक्षा १४ ऑक्टोबरची. बाबासाहेब ६ डिसेंबरला गेले आणि दत्तक व पोटगीचा कायदा २१ डिसेंबरचा. त्या कायद्यानं मुलगी दत्तक घेता येऊ लागली. आपण धर्म बदलला तरी हे चारही कायदे बौद्धांना लागू आहेत, हे आपल्यातल्या पुष्कळांना माहीत नसतं. तेव्हा ह्या कायद्यांशी आपला संबंध नाही असं म्हणून चालत नाही.

त्यांत काय मिळालं ते आधी सांगतो. अविवाहित वा निपुत्रिक लेक मृत्युपत्र न करता मेला तर त्याची आई पहिल्या वर्गातली वारस आणि बाप दुसऱ्या वर्गातला. मनू हे वाचून उठून बसला असता! पण मुलाचा जन्मसिद्ध हक्क तसाच ठेवला. महाराष्ट्रानं १९९४ साली मुलींना तो दिला, पण आधी लग्न झालेल्यांना वगळून. २००५ साली सगळ्या देशात मुलगी मुलासारखीच हिस्सेदार झाली, आणि त्याच दुरुस्तीनं बापाच्या कर्जापायी मुलाला धरायचं ते धर्मकर्तव्यही काढलं. २०२० साली सुप्रीम कोर्टानं स्पष्ट केलं की २००५ साली बाप जिवंत असो नसो, मुलीचा हक्क जन्मानंच.

आता राहिलं काय? पालकत्वाच्या १९५६ च्या कायद्यात आधी बाप आणि त्याच्या नंतर आई असंच लिहिलंय. १९९९ साली सुप्रीम कोर्टानं सांगितलं की नंतर म्हणजे बाप मेल्यावर नव्हे, तो नसताना, लक्ष देत नसताना. अर्थ बदलला, अक्षरं तीच आहेत. अनौरस पोराची मात्र पहिली पालक आईच. आणि वारसा कायद्यात असं पोर फक्त आईचं नातेवाईक धरलंय. जुन्या कायद्यात शूद्राच्या दासीपुत्राला जो थोडा हिस्सा होता, तोही १९५६ साली गेला. बापाकडून पोटगी आहे, वारसा नाही. १९७६ च्या दुरुस्तीनं बेकायदा ठरलेल्या लग्नाची पोरं औरस धरली आणि सप्टेंबर २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टानं त्यांना आईबापाच्या वाट्याला येणाऱ्या हिश्श्यातही हक्क दिला. पण त्यासाठी कसलं का होईना लग्न लागलेलं पाहिजे. जोगतिणीच्या पोराचं काय? वाड्यावर राबणाऱ्या बाईच्या पोराचं काय? त्यांचा बाप अजून मोकळाच आहे.

दोस्तहो, आता घरात बघू. मी गिरणीत साच्यावर उभा असतो, तिथं जयभीम घालणारे पुष्कळ भेटतात. बाबासाहेबांचा फोटो प्रत्येकाच्या घरी आहे. पण बाप मेल्यावर बहिणीला गावी बोलावून हक्कसोड पत्रावर सही घेणारेही आपल्यात आहेत. तिला लुगडं देतात आणि सातबाऱ्यावरून नाव काढतात. दारू पिऊन पोरांना पट्ट्यानं मारणारे आहेत. पोरीनं दुसऱ्या जातीत, नाहीतर आपल्यातल्याच दुसऱ्या पोटजातीत लग्न केलं तर तिचं नाव टाकणारे आहेत. हे मिताक्षरेतलंच आहे, मनूच्या आठव्या आणि दहाव्या अध्यायातलंच आहे, फक्त निळ्या झेंड्याखाली चाललंय.

म्हणून कामं सांगतो. वस्तीत बैठक घेऊन वारसा कायदा वाचून दाखवा, बायकांना आधी बोलवा. बहिणीची सही मागायला निघालेल्या भावाला अडवा, तो आपला कार्यकर्ता असला तरी. शाळेत ज्या पोराच्या बापाच्या नावासाठी दाखला अडतो, तिथं चौघं मिळून जा. २०१५ साली सुप्रीम कोर्टानं एकट्या आईला पालक नेमण्यासाठी बापाचं नाव सांगायची सक्ती नाही म्हटलंय. १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या पोरांच्या सरकारी कागदावर आईचं नाव लावायचा निर्णय महाराष्ट्र सरकारनं केलाय. तो तुमच्या ग्रामपंचायतीत, तुमच्या शाळेत पाळला जातो का ते जाऊन बघा. आणि लग्नाशिवाय जन्मलेल्या पोरालाही बापाच्या मिळकतीत हिस्सा मिळाला पाहिजे, ही मागणी आपल्या ठरावात घाला. ती दुसरं कुणी घालणार नाही, कारण त्या पोरांच्या आया आपल्या वस्तीतल्या आहेत.

शेवटी, कुणाचा रं तू, असं एखाद्या पोराला कुणी विचारलं तर त्याला आईचं नाव मोठ्यानं सांगता आलं पाहिजे, आणि बापाला त्याची जबाबदारी चुकवता येता कामा नये. दोन्ही झालं पाहिजे. एकानं भागणार नाही.

जयभीम.